शेवटच्या रांगेपर्यंत

खेळाच्या शिक्षकाला लागतं काय? शिट्टी, टोपी आणि दणदणीत आवाज, अशी माझी पक्की समजूत होती. आमच्या सुनेनं ती मोडीत काढली. आवाजाचं तेवढं खरं निघालं.

आम्ही हुबळीच्या केशवापुरातले. कोप्पीकर रोडवर कापडाचं दुकान. घरात मराठी, गिऱ्हाइकाशी कन्नड आणि भांडायला दोन्ही. सून कॉलेजात खो-खो खेळलेली. लग्नानंतर ती संध्याकाळी जवळच्या शाळेत मुलींना खो-खो शिकवायला जायची. मुली जिंकायला लागल्या तशी शाळेनं तिला कायम ठेवायचं मनावर घेतलं. पण मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितलं, नुसत्या बी.ए.वर भागणार नाही, वर बी.पी.एड. पाहिजे. म्हणजे धारवाडच्या कॉलेजात दोन वर्षं. तिथं शिरायचं तर पदवीचे गुण आणि खेळाची प्रमाणपत्रं हवीतच, शिवाय मैदानावर धावून, उडी मारून, गोळा फेकून दाखवायचं.

"ह्या वयात उड्या मारणार?" मी विचारलं.

"हो आई," ती म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

मैदानाच्या चाचणीला मी सोबत गेले, तिची पर्स आणि चपला सांभाळायला. शेजारी कालपरवा कॉलेज सुटलेल्या पोरी उभ्या होत्या. शिट्टी झाली आणि ही सुटली. स्वयंपाकघरात भांड्याला भांडं लागू न देणारी बाई, मैदानावर धूळ उडवत निघाली होती! मी तोंडाला हात लावून बघत राहिले. इतकी वर्षं ते पाय माझ्या घरात वावरत होते आणि मला त्यांतली फक्त जोडवी दिसली होती. अंगावर काटा आला, तो घरी येईपर्यंत गेला नाही.

प्रवेश मिळाला. मग जाडजूड पुस्तकं आली. हाडं, स्नायू, श्वास, आहार, लहान मुलांचं मन. हे सगळं मुलांना पळवायला? मी शेंगांची चटणी कुटायला बसले की ती समोर बसून सांगायची, आता तुमच्या खांद्यातलं हे काम करतंय, आता मनगटातलं ते. मी माझ्याच हाताकडे नवलानं बघायची. सारा जन्म चटण्या कुटल्या, पण आत एवढा कारखाना चालतो हे कुणी सांगितलं नव्हतं.

अडलं ते आवाजावर. शेवटच्या परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांसमोर एक पाठ घ्यायचा असतो. शाळेतल्या खऱ्या मुलींना रांगेत उभं करून हुकूम द्यायचे आणि कवायत करवून घ्यायची. सरावाच्या पाठानंतर तिचे सर म्हणाले, तयारी उत्तम आहे, पण शेवटच्या रांगेला तुम्ही ऐकूच येत नाही. असंच राहिलं तर नापास व्हाल. नापास म्हणजे शाळेतली जागाही गेली.

आता आवाज कुठून आणणार? आमच्या घरात सुना मोठ्यानं बोलत नाहीत. मी बोलले नाही, माझ्या सासूबाईही बोलल्या नव्हत्या. जेवण वाढलं तरी हाक मारायची नाही, दारापर्यंत येऊन हळूच सांगायचं. ह्या वळणाचा मला अभिमान होता आणि अजूनही थोडा आहे.

मुलानं तोडगा काढला: गच्चीवर सराव. विद्यार्थी आम्हीच. तो, मी आणि गुडघ्याला पट्टा बांधलेले ह्यांचे वडील, म्हणजे तिचे आजेसासरे. तिनं आम्हाला रांगेत उभं केलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "आजोबा, आई, जरा सावधान उभं राहता का?"

मुलगा हसत खालीच बसला. मामंजी मात्र शिस्तीत उभे.

"विनंती कसली करतेस? हुकूम दे," मी म्हटलं. "ओरड माझ्यावर. मी सांगतेय ना!"

तिनं मला सारी वर्षं एका शब्दानं दुखवलं नव्हतं. माझं हे एकच सांगणं मात्र तिला ऐकता येईना. तोंड उघडायची, माझ्याकडे बघायची आणि मिटायची. डोळ्यांत पाणी आलं. "साकु बिडरी, पुरे आता," म्हणत मामंजींनी वर्ग सोडला, आणि गच्चीचा प्रयोग तिथंच पुरे झाला.

परीक्षेचा पाठ मळमड्डीजवळच्या एका शाळेत होता. "आई, तुम्ही येऊ नका," ती म्हणाली. "तुम्ही दिसलात तर आवाज बसेल माझा." बरं म्हटलं आणि पुढच्या बसनं धारवाड गाठलं. दिसायचं नव्हतं ना, मग शाळेच्या भिंतीबाहेर उभी राहिले, हातात कोथिंबिरीची पिशवी घेऊन.

आत मुलींचा कलकलाट चालला होता. मग ऐकू आलं, "साव..." लांब, भरलेलं. मधे क्षणभर काहीच नाही. तिनंच कधीतरी सांगितलं होतं, हुकमात तेवढी जागा सोडायची, म्हणजे शरीर तयार होतं. मी श्वास धरला. "...धान!"

भिंत ओलांडून तो आवाज रस्त्यावर आला. कलकलाट जागच्या जागी थांबला. हा माझ्या घरातला आवाज? कुठं ठेवला होता हिनं एवढा? डोळे वाहायला लागले आणि पुसायला हात उचलवेना. रिक्षावाला थांबून "अम्मा, बर्तीरेनु?" म्हणून येता का विचारत होता, त्यालाही नाही म्हणवेना. बघून बघून गेला बिचारा.

पुढं पदवी, शाळेतली जागा, सगळं रीतसर झालं. पण त्या दिवशी पाठ संपल्यावर ती फाटकातून बाहेर आली, घामानं निथळत, आणि मला पाहून दचकली.

"आई! तुम्ही? शेवटच्या रांगेपर्यंत पोचला म्हणाले सर. तुम्हाला ऐकू आलं?"

तिची नजर माझ्या पायांकडे गेली. टाचा जुळलेल्या, पिशवी मांडीला चिकटलेली.

ती जवळ आली आणि घरातल्या तिच्या हळू आवाजात म्हणाली, "आई, विश्राम."

मी पाय सैल सोडले.