पाठ टेकली की कुस्ती संपली

माझ्या पलूसच्या मामांइतका सरळ माणूस दुसरा झाला नाही, आणि त्यांच्या त्या सरळपणाने माझं जेवढं डोकं फिरवलं तेवढं एखाद्या लबाडालाही जमलं नसतं. मामा जुने पैलवान. आखाडा कधीच सुटला होता, पण नियम सुटले नव्हते. पाठ टेकली की कुस्ती संपली! पत्त्यांतसुद्धा पहिलाच डाव हरले की "टेकली माझी पाठ" म्हणून समोरच्याचा हात हातात घ्यायचे आणि खुशाल उठून जायचे. उरलेल्यांनी काय करायचं, भिंतीशी खेळायचं?

नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांच्या फौजेतल्या मुलाने दिल्लीहून व्हिडिओ गेमचं यंत्र आणलं. आत कसलीशी चिप बसवून घेतली होती, म्हणून नकली सीडीही चालायच्या. खोड एकच. सरळ ठेवलं की बंद पडायचं. उताणं, चारी पाय वर करून ठेवलं तरच चालायचं. गेम होता एका महाबलीचा. पँटवरून चड्डी घातलेला तो गडी गुंडांना भिंतीवर आपटायचा, गच्चीवरून फेकायचा, नुसता रक्ताचा सडा! "लंगोट वरनं बांधलाय, पर गडी चांगला हाय," मामा म्हणाले. कॉलेजला सुट्टी लागली की मी साताऱ्याहून धावत यायची ती केवळ शेवटचा खलनायक बघायला.

पण बघू देतील तर मामा कसले! स्वतः खेळायला बसले की आधी जमिनीला हात लावून कपाळाला लावायचे. गुंड पडला की थांबायचे. गुंड उठून यांनाच बडवायचा, की हे टीव्हीवर ओरडणार, "आरं, पंच कुटं मेला?" आणि महाबली एकदा उताणा पडला, की खेळ बंद.

"आवं मामा, जीव शिल्लक आहे अजून! तो उठतो आपला आपण!"

"उठंल की. पर कुस्ती संपली न्हवं?"

बरं, मी खेळावं तर, "पडलेल्याला लाथ मारतीस? लाज वाटती का?" एकदा मी अगदी शेवटच्या खलनायकाच्या दारात पोचले होते. तेवढ्यात मामांनी यंत्र उचलून सरळ ठेवलं. "बिचारं उताणं पडलंय, बघवंना." गेम गेला! मी न जेवता साताऱ्याची एसटी पकडली.

पुढच्या सुट्टीच्या आधी मामा विहिरीच्या पायरीवरून घसरले आणि खुबा मोडला. सांगलीला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आता उठून चाललं पाहिजे, नाहीतर कायमचे अंथरुणाला खिळतील. मामा ढिम्म. "टेकली पाठ. संपलं." मामी रडून दमली. मी बघायला गेले आणि माझं टाळकंच सरकलं. असा कुठे नियम असतो? मी टीव्ही खाटेपाशी ओढला, यंत्र उताणं ठेवून चालू केलं.

"बघा याच्याकडे! हे जन्मापासून पाठ टेकून पडलंय, आणि चालतंय! तुम्हालाच काय धाड भरली?"

मामांनी रिमोटसाठी हात पुढे केला. जमिनीला हात पोचेना, म्हणून खाटेलाच लावून कपाळाला लावला. थोड्याच वेळात महाबली उताणा पडला. मी सवयीने बटण बंद करायला वाकले.

"थांब गं," मामा म्हणाले, "उठू दे त्याला."

महाबली उठला. मामांनी रिमोट बाजूला ठेवला आणि मामीला हाक मारली, "आगं, मला जरा धर."

त्यानंतर मामा काठी टेकत रोज तालमीपर्यंत जाऊ लागले आणि गेमकडे ढुंकूनही बघेनात. आता मामा नाहीत. ते शेजारी ओरडायला नसताना मलाही खेळवेना, म्हणून शेवटचा खलनायक मी अजून पाहिलेला नाही, याचा राग आहेच. यंत्र त्यांच्या कपाटावर धूळ खात पडलंय, चारी पाय वर करून. परवा कुणीतरी पुसताना ते सरळ ठेवलं, तर मी सगळ्यांदेखत ओरडले आणि पुन्हा उताणं करून ठेवलं.