सीमाचा आरतीचा मान

अमेरिकेतल्या एडिसनच्या मराठी मंडळात गणपतीच्या शेवटच्या आरतीचा मान दरवर्षी एका जोडप्याला मिळतो. यंदा तो सीमाचा होता. नागपूरची पोर, नर्सिंग होममध्ये पाठ मोडेस्तोवर राबायची आणि सुट्टीच्या दिवशी मंडळासाठी मोदक वळायची. मंडळाला मोदक चालायचे, नवरा तेवढा चालत नव्हता. नवरा ओबिना, नायजेरियाचा, तिथल्या इग्बो समाजातला. बिचाऱ्यानं गाडी चालवता चालवता अख्खी आरती पाठ केली होती.

अध्यक्ष श्रीरंगकाकांचा फोन आला. "सीमा, यंदा तुझ्या भावासोबत कर ना आरती. लोक बोलतात गं. तुझा तो ओबी की बिबी, त्याला बसू दे मागे."

"काहून? मोदक खाताना नाही बोलत लोक?"

"इमोशनल नको होऊस यार."

"मी ओबिनाची बायको आहो काका, भावाची नाही!"

तिनं फोन आपटला आणि धुता धुता एक कप फोडला.

मंडळं काय एकट्या मराठी माणसांचीच असतात? ओबिनाच्या गावाचंही इथं होतं. त्यांच्यात लग्न करून आलेली बाई अख्ख्या गावाची सून. तिला कुणी डिवचलं, की गावच्या बाया त्या माणसाच्या दारात ठाण मांडतात आणि त्याच्या नावानं गाणी रचून त्याची शोभा करतात. तो नमेपर्यंत उठत नाहीत. काकांच्या फोनची गोष्ट त्यांच्या कानावर गेलीच.

विसर्जनाच्या सकाळी श्रीरंगकाकांचा ड्राइव्हवे भरला. एकाच छापाची कापडं गुंडाळलेल्या बाया, पुढं त्यांची म्होरकी, दणकट एन्गोझीमावशी, शेजारी सीमा. टाळ्या, ठेका, हसणं. आणि गाण्यात दर ओळीला "श्रीरंग", लख्ख, एकही अक्षर न चुकता. काकांना मात्र इतक्या वर्षांत "ओबिना" म्हणता आलं नव्हतं!

काका लेंग्यावरच धावत आले. "सीमा, काय तमाशा हा? नेबर्स बघतायत!"

"लोक बोलतात म्हणालात ना? आता गाऊन राहिले."

मागून काकू, विनीताकाकू, घडीच्या खुर्च्या घेऊन बाहेर आल्या. "बसा गं बायांनो, चहा टाकते." मग नवऱ्याकडे वळून, "तुम्ही कमिटीला फोन लावा. आणि त्याचं नाव नीट घ्या."

संध्याकाळी माइकवर काका अडखळत म्हणाले, "आरतीला सीमा आणि... ओबिना." एन्गोझीमावशीनं पहिली टाळी वाजवली. ओबिनानं ताट उचललं, अख्खी आरती न चुकता म्हटली.

नंतर कुणीतरी विचारलं, "सीमा, मोदक कुठायत?"

"वळा नं तुमी," ती म्हणाली. "मी आज मानाची आहो."