पाहुणा पोटभर जेवला

एकोणीसशे नव्वदच्या आसपास जळगावात आम्ही तिघे एका खोलीत राहायचो, आणि तिघांचं एकमेकांशी कशातच जमत नव्हतं. मी कोकणातून शाळेवर गणित शिकवायला आलेलो, तोंडाने फटकळ. दुसरा रावेरचा, केळीचे ट्रक भरून द्यायच्या कामावर; त्याच्या सगळ्या शर्टांना केळीच्या चिकाचे काळे डाग. तिसरा शिंदखेड्याकडचा. दिवसभर कापडाच्या दुकानात ठाणं उलगडायचा आणि संध्याकाळी हौशी नाटकांत राजा व्हायचा. खोलीतल्या एकुलत्या आरशावर त्याचीच मालकी. मी त्याला ‘महाराज’ म्हणून चिडवायचो.

महाराजांचं प्रेम त्यांच्याच गावच्या, इथे नर्सिंग शिकणाऱ्या मुलीवर. तिने धीर करून घरी सांगितलं आणि एका रविवारी तिचे वडील मुलगा बघायला येणार असं ठरलं. खोलीवरच, कारण महाराजांना आईबाप नव्हते. घरचे म्हणायचे तर आम्हीच.

रावेरकराने हिरवी वांगी आणून गच्चीवर कपाशीच्या काड्यांवर भाजली. मी लसूण सोलत होतो. महाराज म्हणाले, “ते खाणार नाहीत.”

“का? आमच्या हातचं चालत नाही?”

“आमच्याकडे ज्या घरी मुलगी द्यायची, त्या घरचं बाप पाणीसुद्धा पीत नाही. तिला मूल होईपर्यंत. पाण्याला नाही म्हणाले की समज, जमलं.”

“मग एवढं भरीत कुणासाठी?”

“आपल्यासाठी. ते गेल्यावर आनंदाने खायचं.”

तिचे वडील, आबा, आले. पांढरी टोपी, बोलणं मऊ. पुढे ठेवलेल्या पाण्याला त्यांनी हात लावला नाही, तसं रावेरकराने मला कोपराने ढोसलं. आबांनी विचारलं, नोकरी पक्की आहे का? महाराज म्हणाले, नाही.

“नाटकं सोडशी का, भाऊ?”

स्टेजवर पल्लेदार भाषणं ठोकणाऱ्या त्या माणसाला एक ‘हो’ फुटेना. मी मनात ओरडत होतो, अरे, म्हण की! खोटं म्हण, पण म्हण! खोटं त्याला फक्त रंग लावल्यावरच बोलता यायचं.

मग आबांनी पेला उचलला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

“भरीतना वास यी राह्यना,” ते म्हणाले. “वाढा मंग.”

महाराजच उठले. ताट घेतलं, भरीत वाढलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची पुरी ठेवली, कांदा फोडून दिला. आबा मान खाली घालून जेवले. तोंडाने ‘नाही’ म्हणत त्यांना पोराचा अपमान करायचा नव्हता, हे मला कळत होतं, म्हणून त्यांचा धड रागही येईना.

“आबा, आखो ल्या ना,” महाराज म्हणाले. पोटच्या पोराने आग्रह करावा तसा आवाज. आबांनी आणखी एकदा भरीत घेतलं. निघताना त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि जिना उतरले.

पातेल्यात पुष्कळ भरीत उरलं होतं. महाराजांनी आम्हा दोघांना वाढलं, स्वतःलाही वाढून घेतलं आणि पहिला घास खाऊन म्हणाले, “मीठ जरा कमी झालं रे.”

मीठ बरोबर होतं. त्या दिवसानंतर मी त्याला पुन्हा कधी महाराज म्हटलं नाही.