हिराआत्यापर्यंत न पोचलेलं औषध

काल दुपारी हिराआत्या गेली.

गेलं वर्षभर ती काय बोलते ते ऐकायला तिच्या तोंडाशी कान न्यावा लागायचा.

आणि ही बाई धवलारीण होती.

आमच्या आगरी लग्नात बाकी काही कमी पडलं तरी चालायचं, पण धवले, म्हणजे लग्नातली गाणी, गायला बाई लागायचीच. शिरवण्यापासून थेट द्रोणागिरीकडच्या गावांपर्यंत आत्याला बोलावणं असायचं. कुणी माईक पुढे केला तर ती तो बाजूला ठेवायची.

मग एका लग्नाला ती गेलीच नाही.
दुसऱ्या लग्नाला गेली, पण मागच्या खुर्चीवर बसून राहिली.

कुणी म्हणालं वय झालं. कुणी म्हणालं नजर लागली, उतरवून टाका.

मी तेव्हा पीएच.डी.ला होते. चिनी औषधांत पूर्वीपासून वापरतात अशा एका झाडाच्या सालीतलं द्रव्य उंदरांना द्यायचं. त्यांचं डिप्रेशन कमी होतं का आणि मेंदूच्या पेशी वाचतात का, ते बघायचं. घरात कुणाला त्यात इंटरेस्ट नव्हता. आत्याला होता.

एकदा भाजी निवडता निवडता तिने विचारलं, उंदीर उदास आहे हे तुम्हाला कळतं कसं?

मी सांगितलं, पिंजऱ्यात दोन बाटल्या लावतो. एकीत साधं पाणी, एकीत साखरेचं. चांगला उंदीर साखरेचं पितो. उदास उंदराला दोन्ही सारखंच.

आत्याचा हात भाजीत थांबला.

"मना बी आता गोराचा, साखरंचा काय वाटत नाय गो," ती म्हणाली. "गानी सगली याद हान. पन गावासा नाय वाटत."

दुसऱ्याच दिवशी आम्ही तिला कामोठ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. जरा फरक पडला. ती पुन्हा ओट्यावर येऊन बसायला लागली, शेजारणींशी बोलायला लागली. आम्हाला वाटलं, सुटलो.

मग उजवा हात थरथरायला लागला.

पार्किन्सन्स. डॉक्टर म्हणाले, काही जणांत हा आजार आधी मनात उतरतो, हातात नंतर दिसतो. मला हे पुस्तकातून माहीत होतं. आमच्या घरात ते माहिती असण्याचा काहीएक उपयोग नव्हता.

आजार वाढला तसा तिचा आवाज बारीक होत गेला. आता गावंसं वाटायचं, पण आवाज निघायचा नाही.

एका संध्याकाळी तिने मला जवळ बसवलं.

"तुज्या उंदरांना देतंस तां औषद मना दे ना गो बाय."

मी तिला समजावलं. उंदरांना चालतं ते माणसांना चालेल असं नसतं. किती द्यायचं माहीत नाही, तुझ्या गोळ्यांबरोबर काय होईल माहीत नाही. माणसांवर तपासायला बरीच वर्षं जातात.

ती सगळं ऐकून घेत होती. मग तिने माझ्याच पाठीवरून हात फिरवला. थरथरता हात.

तिचा मुलगा, आमचा प्रशांतदादा, एवढा शांत नव्हता. त्याने त्याच सालीची पावडर ऑनलाइन मागवली. डब्यावर चिनी अक्षरं, खाली इंग्रजीत 'ब्रेन टॉनिक'. मी म्हटलं, आत नक्की काय आहे ते मलाही सांगता येणार नाही. डॉक्टरांनीही नको म्हणून सांगितलं.

त्याने डबा टेबलावर आपटला.

"मग तुझा हा सगळा अभ्यास कोणासाठी आहे, नीलू?"

तो आईसाठी भांडत होता. त्या डब्यावर माझा विश्वास असता तर मीही भांडले असते.

डबा फोडला नाही. आत्या बरीही झाली नाही.

यंदा प्रशांतदादाच्या मुलीच्या हळदीला आत्याला व्हीलचेअरवर मांडवात आणलं. बायका धवल्यांसाठी थांबल्या होत्या. मी कान तिच्या ओठांना लावला. ती एकेक ओळ पुटपुटायची, मी मोठ्याने म्हणायचे, बायका उचलायच्या. काही शब्द मला कळलेच नाहीत. ते गेले. आता ते विचारायला कुणी नाही.

शेवटी घोटभर पाणीही गिळता येईना. ठसका लागायचा. छातीत इन्फेक्शन झालं, आणि काल संपलं.

आज घरात बसवेना म्हणून लॅबमध्ये आले. मागच्या महिन्यातल्या स्लाइड्स बघायच्या राहिल्या होत्या. ज्या उंदरांना ते द्रव्य दिलं होतं, त्यांच्या पेशी वाचल्यात. चांगल्या, भरपूर.

एरवी हाका मारून सगळ्यांना बोलावलं असतं.

सर म्हणाले, पेपर मस्त होईल. मी हो म्हटलं आणि जिन्यात जाऊन बसले. तिथूनच हे लिहितेय.

आत्या, काही करता आलं नाही गं.

नीट जा.