तीन महिने कोणाला सांगायचं नाही!

बाळंतपणाचे किस्से आमच्या बिल्डिंगमधल्या प्रत्येकीकडे पोतंभर आहेत. पहिल्या तीन महिन्यांचे मात्र कोणीच सांगत नाही. कारण ऑफिशियली तेव्हा काही झालेलंच नसतं! सासूबाईंचा हुकूमच होता, "तीन महिने पुरे होईपर्यंत चकार शब्द काढायचा नाही."

नव्वदच्या दशकातलं नेरूळ. चार मजली बिल्डिंग, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. हुकूम मलाही मान्य होता. आदल्या वर्षी दुसऱ्याच महिन्यात सगळं संपलं होतं. पण समोरच्या सावंतवहिनींनी तोपर्यंत बातमी चारही मजल्यांवर पोचवली होती. मग दिवाळीपर्यंत जी ती जिन्यात गाठून विचारायची, "कितवा चालू आहे गं?" प्रत्येकीला "नाही राहिलं" सांगताना जीव नकोसा व्हायचा. या वेळी सावंतवहिनींना वाससुद्धा लागू द्यायचा नाही, असं मी ठरवलं.

*

वास! तिथेच तर सगळं फसलं. वहिनी पडल्या मालवणच्या. सकाळी सकाळी सुक्या बांगड्याचा वास दाराच्या फटीतून आत, आणि मी बेसिनवर! माझा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून सासूबाई रेडिओ मोठा करायच्या. शेवटी खालच्या मजल्यावरून तक्रार आली, "एवढ्या मोठ्यानं भक्तिगीतं?"

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "सुनेला भारी आवड हो!"

*

साताऱ्याला आईला कळवायचं होतं. घरी फोन नाही, म्हणून एसटीडी बूथ गाठला. आई ऐकायला कमी. मी कुजबुजले. "मोठ्यानं बोल!" मी जरा आवाज चढवला. "अगं, मोठ्यानं!" शेवटी डोकंच फिरलं माझं.

"आई, मला दिवस गेलेत!"

काचेबाहेरची अख्खी रांग माझ्याकडे बघत होती. बूथवाले काका सुटे पैसे देत म्हणाले, "ताई, रिक्षानं जा."

कर्म माझं!

*

मी पावणे एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात अकाउंट्सला होते. तिथे 'अ‍ॅसिडिटी' सांगून ठेवलं. तीच चूक! आमचे साहेब स्वतः अ‍ॅसिडिटीचे जुने पेशंट. रोज टेबलाशी येऊन त्यांच्या गोळ्या पुढे करायचे. "घ्या हो, लाजू नका!" डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी साधं चूर्णही घेणार नव्हते, म्हणून गोळी हळूच ड्रॉवरमध्ये टाकायची. एक दिवस मी चुकून दोन घास नीट जेवले. साहेबांनी अख्ख्या ऑफिसला सांगितलं, "बघा माझ्या गोळीचा गुण!"

आणि मला आणखी एक पाकीट दिलं.

*

आता आमचे हे. तळोज्याला केमिकल कंपनीत. संध्याकाळी घरी आले की कपड्यांच्या वासानं मला ढवळायचं. "बाहेरच शर्ट काढा!" मी आतून ओरडायचे. हे बिचारे बनियनवर पॅसेजमध्ये उभे, आणि समोरून वहिनी, "काय भावजी, भांडण?"

त्यातच सोसायटीचा पंप बंद पडला. मीटिंगवर मीटिंग, पंप काही हलेना! खालच्या टाकीतून बादल्या तीन मजले चढवायच्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, वजन अजिबात उचलायचं नाही. सासूबाईंचे गुडघे दुखायचे. मी यांना म्हटलं, "अहो, पाणी तुम्ही भराल?" पेपरातून डोकं न काढता हे म्हणाले, "हं."

आणि काय सांगू! रात्री रिकाम्या बादल्या बाहेर ठेवल्या, की सकाळी दारात भरलेल्या! मला भरूनच आलं. सासूबाईंना तर आभाळ ठेंगणं झालं. "बघ, माझा मुलगा बोलून दाखवत नाही."

त्यावरही हे म्हणाले, "हं."

*

तीन महिने पुरे झाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ठोके छान आहेत." मी तिथेच ढसाढसा रडले. इतके दिवस मनात धाकधूक होती ती सगळी बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी पहिला पेढा देवापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "दुसरा सावंतवहिनींना. आता कळू दे साऱ्या जगाला!"

मी दार उघडलं. सावंतवहिनी दारातच! पदर खोचलेला, घामाघूम, दोन्ही हातांत आमच्या भरलेल्या बादल्या.

मी वळून यांच्याकडे पाहिलं. पेपर आणखी वर गेला.

सासूबाईंनी पेढा पुढे केला. "वहिनी... गोड बातमी आहे."

वहिनींनी आवाज न करता बादल्या खाली ठेवल्या, हात पदराला पुसले, डोळे हे एवढे मोठे केले आणि म्हणाल्या,

"अगो बाय माझे! खरांच? माका कायच म्हायत नाय!"