मायला दाखवलेलं मरण

पुस्तकातले शिपाई कधी हागायला जात नाहीत, असं आमच्या ह्यांचं म्हणणं. मी नेरला वाचनालयात पुस्तकं द्यायला-घ्यायला बसते. हे फौजेतून सुटून घरी आले तेव्हा मी मोठ्या हौसेनं लढायांवरची पुस्तकं पिशवीत घालून आणायची. माणूस बोलत नाही तर निदान वाचेल, असं वाटायचं. हे चार पानं वाचायचे, पुस्तक खाटेवर पालथं टाकायचे आणि म्हणायचे, "अवं, यातले सारेच हासत हासत कसे मरून राह्यले? आमच्यात तं कोनी हासलं नोयतं."

एकदा एका मोठ्या साहेबाच्या आठवणींचं पुस्तक हाती लागलं. ज्या डोंगरावर ह्यांची पलटण चढली होती, त्या लढाईला त्यात दीड पान होतं आणि एक नकाशा. नकाशात एक जाड काळा बाण वर गेलेला. ह्यांनी त्या बाणावर बोट ठेवलं. "हे आमी," म्हणाले. "या बाणाले हगवन लागली होती. याच्या पायाची बोटं काळी पडली होती. थे नाई लिवलं साहेबानं." मी हसले, पण हे हसले नाहीत. त्यानंतर मी लढाईची पुस्तकं आणणं बंद केलं.

त्या बाणात ह्यांचा एक दोस्त होता, आपल्याच जिल्ह्यातला, मुकुटबनचा. दोघं एकाच भरतीत लागले, एकाच पलटणीत गेले. दोस्त वरच राहिला. हे सुट्टीवर आले तेव्हा घरी चहाचा घोटही न घेता आधी मुकुटबनला गेले आणि त्याच्या आईला सांगून आले, "माय, एका झटक्यात गेला तो. त्याले समजलंबी नाई." मलाही तेच सांगितलं. मी कशाला शंका घेऊ?

आमच्याकडं आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घरच्या गेलेल्या माणसांना जेवू घालतात. नवी घागर पाण्यानं भरायची, आणि गेलेल्याच्या वयाचा, जिव्हाळ्याचा माणूस पाटावर बसवायचा. त्याचे पाय धुवायचे, टिळा लावायचा, पत्रावळीवर आंब्याचा रस, कुरडया, वडे वाढायचे. तो जेवला की गेलेला जेवला. मुकुटबनच्या मायनं पोराच्या पाटावर पहिल्यापासून ह्यांनाच बसवलं. त्या घरात आणखी एक चाल होती. पाटावर बसलेला माणूस जेवून उठेपर्यंत त्याला गेलेल्याच्याच नात्यानं बोलायचं. माय ह्यांना एरवी "जवाई" म्हणायची, कारण माझं माहेर तिकडचं. पाटावर बसले की "बापू" म्हणायची, आणि रस वाढताना दटावायची, "खाय ना रे बापू, तिथं कोन देते तुले?" मी दरवर्षी तोंड फिरवून उभी राहायची. बाप्पा, ते बघवत नसे.

दरवर्षी नेरहून यवतमाळ, यवतमाळहून वणी, वणीहून मुकुटबन, असा उन्हातान्हाचा एसटीचा प्रवास. ह्यांनी तो कधी चुकवला नाही.

मग ती टीव्हीवाली मंडळी आली. मुंबईची कुठलीशी कंपनी होती. शूर जवानांच्या खऱ्या गोष्टींवर मालिका करत होते, दर भागात एक गोष्ट. दोन पोरं, एक पोरगी आणि त्यांचा एक दाढीवाला दिग्दर्शक. आमच्या बैठकीत पंखा बंद करायला लावला, आवाज येतो म्हणून, आणि ह्यांना खुर्चीत बसवून विचारलं, "काका, तुमच्या मित्राबद्दल सांगा ना."

मी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. मला वाटलं, हे नेहमीसारखं एक वाक्य बोलतील आणि गप्प होतील. कसचं काय! माणसाला काय झालं त्या दिवशी, देव जाणे. इतकी वर्षं माझ्याजवळ जे निघालं नाही ते त्या परक्या पोरांसमोर भडाभडा निघालं.

दोस्ताला दिवस मावळताना पोटात लागलं. तो एका दगडाआड पडला होता आणि हे दुसऱ्या दगडाआड. मध्ये उघडी जागा, हाकेच्या अंतराची. जो उठेल त्याच्यावर वरून गोळ्या. एकानं प्रयत्न केला, तोही गेला. मग सगळे पडून राहिले. आणि दोस्त रात्रभर जिवंत होता. पाणी मागत होता. ह्यांना नावानं हाका मारत होता. मग हाका सोडून शिव्या द्यायला लागला, ह्यांना, साहेबाला, देवाला. शेवटी आईला, मला का धाडलंस म्हणून. त्याला फौजेत यायचंच नव्हतं. वणीला शिवणकाम शिकायचं होतं त्याला. भरतीच्या मैदानातून एकदा पळून आला होता, तर मायनं झाडूचा फडा घेऊन मारत मारत परत नेऊन उभा केला होता. "तेच बोलत होता," हे म्हणाले. "सकाळपावतर. काहून धाडलं, काहून धाडलं. मंग बंद झाला."

चहा निवला होता. ती पोरगी लिहायची थांबली होती. दाढीवाला घसा खाकरून म्हणाला, "काका, हे फार हेवी होतंय. प्रेक्षकांना जरा पॉझिटिव्ह हवं असतं."

ह्यांना एकदम भान आलं. हात जोडले हो त्यांनी पोराच्या वयाच्या त्या माणसापुढं. "साहेब, त्याची माय जित्ती हाय. तुमी काहीबी दाखवा, मले तोफ चालवताना दाखवा, विमानातून उडी मारताना दाखवा. पन तो एका झटक्यात गेला असंच दाखवा. तिले म्या तसंच सांगतलं हाय."

"टेन्शनच घेऊ नका काका," दाढीवाला म्हणाला. त्यानं ह्यांच्या खांद्यावर हातसुद्धा ठेवला.

आखाजीच्या महिनाभर आधी तो भाग लागला. नेरात आमच्या घरी अर्धी गल्ली जमली होती. ह्यांच्या जागी एक गोरापान, पिळदार दंडांचा पोरगा, जो उभ्या आयुष्यात यवतमाळच्या उन्हात गेला नसेल. दोस्ताच्या जागी दुसरा तसलाच. वर्दीची इस्त्री मोडली नाही शेवटपर्यंत. आणि गोळी लागली. मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे पुढं सरकून बसले होते, आता पडदा काळा होईल म्हणून.

नाही झाला. तो पोरगा रात्रभर मेला. चांदणं, वारा, बासरी. दगडाला टेकून, ओठाच्या कोपऱ्यातून रक्ताची नीटनेटकी एक धार काढून तो हिंदीत भाषण करत होता. माँ, रोना मत. माँ, तेरा बेटा हँसते हँसते जा रहा है. मध्ये पाण्याची बाटली कोणीतरी फेकली तर ती त्यानं दुसऱ्या जखमीकडं ढकलली. सकाळी सूर्य उगवला तेव्हा सलाम ठोकून मान टाकली. आमच्या बैठकीत टाळ्या पडल्या. शेजारच्या बाईनं डोळे पुसले. हे उठून मागच्या अंगणात गेले आणि ओकले.

माझं डोकं सटकलं. दुसऱ्या दिवशी मी त्या कंपनीला फोन लावला. फोनवर ती पोरगीच आली. म्हणाली, "मॅडम, लगेच मेला तर एपिसोड उभाच राहत नाही. रात्रीचा भाग सरांना फार स्ट्राँग वाटला. फक्त डायलॉग बदलले." मी म्हटलं, "अगं भवाने, तुझ्या सरांना हात जोडले होते ना माझ्या नवऱ्यानं?" तिनं फोन ठेवला. नंतर तो नंबर लागलाच नाही.

मुकुटबनला तर शाळेच्या पटांगणात पडदा लावला होता म्हणे. मायला पहिल्या खुर्चीवर बसवलं, शाल दिली, वीरमाता म्हणून हार घातला आणि सगळ्या गावासमोर तिचा पोरगा रात्रभर मारला. हे तिच्या पुतण्यानं फोनवर सांगितलं, फार कौतुकानं सांगितलं. मी विचारलं, "माय काय बोलली?" तो म्हणाला, "काहीच नाई. घरी जाऊन झोपली."

नेरात ह्यांचे सत्कार सुरू झाले. बस स्टँडजवळ फ्लेक्स लागला, खाली अर्ध्या डझन पुढाऱ्यांची तोंडं. पोरं सेल्फी काढायला घरी यायची. हे खोलीचं दार लावून घ्यायचे. आखाजी जवळ आली तसं एक दिवस म्हणाले, "यंदा मी नाई बसत. पुतन्याले बसव म्हना."

"आणि तिनं विचारलं तुम्ही का आला नाहीत, तर?"

"समोर गेलो का रातचं विचारन, म्हनूनच तं नाई जात. थे विचारन. अन् एक विचारलं का मंग पुरंच विचारन. त्यानं काय म्हनलं थे विचारन. कसं सांगू वं मी?"

मी भांडले, अगदी कडाडून भांडले. म्हटलं, तुम्ही नाही गेलात तर तिला न विचारताच उत्तर मिळेल. पाटावर कोणी नाही म्हणजे पोरगा उपाशी. ती म्हातारी त्या भाषणाच्या भरवशावर मरायची का? सकाळी उठून पाहते तर ह्यांनी पिशवी भरलेली होती.

मुकुटबनला पोचलो तेव्हा माय ओट्यावर बसली होती. दारावर तिच्या पोराचा फोटो असायचा, तिथं आता त्या मालिकेतल्या नटाचा फोटो लावला होता, गावातल्या मंडळानं फ्रेम करून दिलेला. मी तो पाहून न पाहिल्यासारखं केलं. मायनं नेहमीसारखं केलं सगळं. ह्यांचे पाय धुतले, टिळा लावला, पत्रावळ मांडली. पुतण्या आणि त्याची बायको आत होती, त्यांना तिनं हाक मारली नाही. स्वतःच वाढलं. रस वाढला, वडे वाढले, आणि समोर बसली.

ह्यांनी घासाला हात लावला तशी म्हणाली, "थांब."

मग माझ्याकडं पाहून म्हणाली, "बाई, थे टीव्हीवालं पोट्टं माहं नोयतं. माह्या पोराले हिंदी येत नोयती धड. अन् तो पानी कोनाले देते? लहानपनी भावाच्या हातातली शेंग हिसकून खाये तो. गाव सारं टाळ्या वाजवून राह्यलं अन् मी पाहून राह्यली का हा कोन हाय बावा. पन रातभर जित्ता होता, थे त्याईनं कुठून आनलं? थे त्याईले सुचनार नाई. थे कोनी तरी सांगतलं असन."

ह्यांची मान खाली. "माय, म्या तुले—"

"तू नोको बोलू," ती म्हणाली. आवाज चढला नाही तिचा. "तू त्याचा दोस्त, तू झाकशीन. तुनं आजपावतर झाकलंच. पन आता तू पाटावर हायस. मी तुले नाई इचारून राह्यली, त्याले इचारून राह्यली."

आणि ती ह्यांच्याकडं वळली. बोलायची तऱ्हाच बदलली एकदम, घरी उशिरा आलेल्या पोराला विचारावं तसं. "बापू, तुले कवा लागलं रे?"

ह्यांनी घासावरचा हात मागं घेतला. मी दाराची चौकट धरली होती. वाटलं, आता उठतील, पाट सोडून जातील. मीच आणलं होतं ना ह्यांना ओढत! मग हे बोलले, पत्रावळीकडं बघत.

"दिवस बुडताना, माय."

"कुठं?"

"पोटात."

"मंग?"

"मंग रातभर होतो."

"पानी मांगतलं?"

"मांगतलं."

"देल्लं कोनी?"

"नाई. येता येत नोयतं कोनाले." हे थांबले, मग म्हणाले, "दोस्त होता बाजूले. तोबी नाई आला."

मायनं डोळे मिटले आणि उघडले. "मले आवाज देल्ला?"

"देल्ला."

"काय म्हनलं?"

हे माझ्याकडं पाहायला लागले. मी काय सांगणार होते? मला वाटत होतं, खोटं बोला हो, एकदाच बोला, म्हणा की माय माय केलं आणि डोळे मिटले. तोंडावर आलं होतं माझ्या. पण त्या बाईनं शाळेच्या पटांगणात हार घालून खोटं पाहिलं होतं, तेही भारीतलं, बासरीसकट. त्याच्यापुढं आमचं खोटं काय टिकणार होतं?

"बोल बापू," ती म्हणाली. "रागवत नाई मी."

ह्यांचा आवाज आला तो मी पूर्वी कधी ऐकलेला नव्हता, आणि देव करो पुन्हा ऐकू न येवो. "काहून धाडलं वं माय मले? मी येत नोयतो. मी पळून आलतो घरी. तुनं मारत मारत नेलं. काहून धाडलं?"

आतली भांडी थांबली. पुतण्या दारात येऊन उभा राहिला आणि मी त्याला हातानं मागं लोटलं.

माय हलली नाही. मग पत्रावळ एका अंगाला सारून तिनं ह्यांच्या पायांवर दोन्ही हात ठेवले.

"चुकलं माहं," ती म्हणाली. "चुकलं रे बापू. मी धाडलं. मी नोयती धाडाले पाह्यजे."

मी पुढं झाले, खांद्याला धरलं, "माय, उठ, माय," म्हटलं. तिला ऐकूच येत नव्हतं. ती त्याच एका वाक्याला धरून बसली, पुन्हा पुन्हा, आणि हे पाटावर ताठ बसलेले, तोंड ओलं झालेलं, तिला एकदाही "मी तो नाही" म्हणू शकले नाहीत. ती पाय सोडेना, आणि ह्यांना उठता येईना.