गॅदरिंगमधली भातलावणी

आमच्या कर्जतच्या हायस्कुलाचं गॅदरिंग जानेवारीत व्हायचं. त्या वर्षी मी आठवीत होते आणि माझी शाळा बंद करायचं वडिलांनी जवळजवळ ठरवलंच होतं. "पोरगी शिकली का चिकलात उतरत नाय," हे त्यांचं मत. शिकलेली पोरगी त्यांनी एकही पाहिली नव्हती, पण मत पक्कं. आईने कसंबसं त्यांना गॅदरिंगला यायला तयार केलं. एकदा पोरीची शाळा बघा, मग काय ते ठरवा, एवढंच तिचं म्हणणं.

माझं काम नेमकं भातलावणीच्या नाचात. नाच बसवणारे सर पुण्याचे, त्यांनी भात पाहिला होता तो ताटात. मागच्या पडद्यापाशी ओळीत उभं राहायचं, वाकून रोप लावायचं आणि एकेक पाऊल पुढे, प्रेक्षकांकडे यायचं. लावणी करताना माणूस मागे मागे सरकतो, पुढे गेला तर आपलंच रोप तुडवेल, हे आम्हाला माहीत होतं. पण सरांना सांगणार कोण? तालमीत आम्ही रिकाम्या हातांनी मुकाट पुढे आलो. नाचात असंच असेल, म्हटलं.

गॅदरिंगच्या संध्याकाळी कालव्याकाठच्या एका मैत्रिणीने उन्हाळी भाताच्या रोपांच्या खऱ्याखुऱ्या मुठी आणल्या. सर खूश झाले. पेटी सुरू झाली, रोपं हातात आली, आणि पुढचं सगळं हातापायांनी परस्पर ठरवलं. आम्ही सगळ्या मागे निघालो. बाजारपेठेतल्या कापडवाल्याची मुलगी तेवढी, जन्मात चिखलात पाय न घातलेली, शिकवल्याप्रमाणे पुढे गेली. दिव्यांपाशी पोचल्यावर ती एकटीच आमच्याकडे वळून बघत राहिली. विंगेत पेटी वाजवता वाजवता सर "पुढे, पुढे" करत होते. आम्ही पाठीने पडद्यात शिरलो, पडद्याची दोरी तुटली, आणि मागे नंतरच्या नाटकातला राजा दिसला. वर जरीचा अंगरखा, खाली शाळेची खाकी चड्डी, हातात चहाचा कप.

अख्खं मैदान हसत सुटलं. मला मात्र रडू येत होतं. वडील पुढेच बसले होते आणि ते हसत नव्हते. झालं, संपली आपली शाळा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी हात चालूच होते, कारण थांबायचं कसं ते कुणी शिकवलं नव्हतं. तेवढ्यात बायकांच्या बाजूने कुणीतरी लावणीच्या वेळचं गाणं उचललं, मग सगळ्याच म्हणू लागल्या. सरांची पेटी बिचारी चाचपडत त्यांच्यामागे. हातातल्या मुठी संपेपर्यंत आम्ही लावणी केली. राजाने तोवर चहा संपवला.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या वेळेला मी दप्तर न घेता चुलीपाशी बसून राहिले.

वडील आईला म्हणाले, "हिचा हात बघितलास का गं? ष्टेजच्या फळीवरपन सरळ लावत व्हती. शाळेत जाऊन काय इसरली नाय." मग माझ्याकडे वळले. "तू का बसलीस गं? जा, उशीर व्हतोय. मॅट्रिक व्हायचं म्हनतात ना, ते हो."

मी दप्तर घेऊन उंबऱ्यापर्यंत पोचले, तर मागून म्हणाले, "आनि त्या कापडवाल्याच्या पोरीला पावसाळ्यात आपल्या शेतावर घेऊन ये. तिचं शिक्षान अर्धंच ऱ्हायलंय."